सांगली ते अलास्का : बोटीचं टेन्शन घेऊ नका, किनाऱ्याचं घ्या

आम्ही चौघं. मी, बायको, मेहुणी आणि साडू. मी पाटबंधारे खात्यातून रिटायर, साडू तासगावकडचा द्राक्षबागायतदार, त्यामुळं तारीख ठरली ती त्याच्या एप्रिल छाटणीवर. छाटणी उरकली, पुढचं पोरानं अंगावर घेतलं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालो. एकूण १९ दिवस. कॅनडातल्या व्हँकूवरहून क्रूझ बोट, ७ रात्री, अलास्कात व्हिटियरला उतरायचं, तिथून रेल्वेनं अँकरेज, देनाली, फेअरबँक्स आणि मग विमानानं परत. आल्यापासून विश्रामबागेत फिरायला जातो तिथं रोज कुणी ना कुणी विचारतंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी व्हिसा, कारण बरेच जण इथंच घसरतात. आमचा पहिला एजंट म्हणाला बोट कॅनडात नुसती लागते, कॅनडाचा व्हिसा कशाला. साडूला पटलं पण होतं, खर्च वाचतोय म्हटल्यावर. मी जरा खोलात गेलो तर कळलं की अमेरिकेचा १८८६ चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या बोटीनं त्यांच्या एका बंदरातून माणसं घेऊन त्यांच्याच दुसऱ्या बंदरात सोडायची नाहीत, आणि मोठ्या क्रूझ बोटी जवळपास सगळ्या बहामा, पनामा असल्याच झेंड्याच्या. म्हणून एकेरी ट्रिप व्हँकूवरहून असते, आणि सिएटलहून निघून सिएटललाच परत येणारी बोट पण मधे एक कॅनडाचं बंदर घेते, बहुतेक व्हिक्टोरिया. म्हणजे आपल्या पासपोर्टला दोन्ही व्हिसे लागणारच, यात पळवाट नाही. अमेरिकेच्या अपॉइंटमेंटला कधी कधी महिनोन्‌महिने जातात, तेव्हा ती हातात आल्याशिवाय बोटीचे पैसे पूर्ण भरू नका. एजंट बदलला हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट, जी आम्ही चुकलो. आम्ही बोट आधी केली आणि जमीन नंतर. उलटं करा. बोटीवर बॅग एकदा उघडली की सात दिवस हलवायची नाही, जेवण समोर, झोप आली की झोपा. जमिनीवर मात्र रोज सकाळी उठा, बॅगा भरा, गाडी पकडा. आधी हे कष्टाचं उरकावं आणि मग बोटीवर पडून राहावं. आम्ही सात दिवस लोळून अंग जड करून घेतलं आणि नंतर पळापळ केली, देनालीला पोचेपर्यंत मेहुणीचे गुडघे बोलायला लागले होते. व्हिटियर किंवा सीवर्डहून दक्षिणेकडं येणाऱ्या बोटी पण असतात, त्याच बघा.

व्हँकूवरला बोटीच्या दोन दिवस आधी पोचा, एक नाही. साडूची बॅग मधल्या विमानतळावर राहिली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. त्याच दिवशी बोट असती तर गडी सात दिवस माझ्या शर्टात फिरला असता, आणि त्याच्या मापाचा शर्ट माझ्याकडं नाही. बोटीवर चढायच्या आधी अमेरिकेचं इमिग्रेशन व्हँकूवरच्या धक्क्यावरच होतं, रांग लांब असते, औषधं आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा.

खोलीबद्दल सगळे विचारतात, बाल्कनी घ्यावी का. पैसे असतील तर घ्या, पण माझं मत असं की तोच पैसा किनाऱ्यावरच्या ट्रिपांना ठेवा. थंडीत बाल्कनीत माणूस दहा मिनिटं बसतो, खरं बघायचं असतं तेव्हा सगळी बोट वरच्या डेकवर पळते. तिकिटाची जी रक्कम दिसते तेवढीच परत वरच्या खर्चाला धरून चाला : विमान, ट्रिपा, वायफाय, आणि टिप, जी माणशी दिवसाला साधारण १५ ते २० डॉलर आपोआप बिलात लागते.

जेवणाचं काही अडत नाही. पहिल्याच रात्री हेडवेटरला गाठून शाकाहारी आहोत, कांदा लसूण चालतं की नाही ते सांगून टाकायचं. आमच्या टेबलाला सावंतवाडीकडचा एक पोरगा होता, दुसऱ्या दिवसापासून डाळ, भाजी, भात न मागता यायला लागलं. मेहुणी वारकरी, एकादशीला तिला उकडलेले बटाटे आणि फळं मिळाली, साबुदाण्याची अपेक्षा तिनंही केली नव्हती. भडंगाचे पुडे मात्र न्याच. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री नेऊ नका, चढतानाच काढून ठेवतात.

पहिलं बंदर केचिकन. पाऊस. वर्षाला १५० इंच पडतो म्हणून तिथली माणसं अभिमानानं सांगतात, महाबळेश्वरला याहून जास्त पडतो हे मी सांगितलं नाही. फरक एवढाच की आपल्याकडं चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, तिथं वर्षभर रिपरिप. छत्र्या कुणी धरत नाही, टोपीवाला चांगला रेनकोट आणि पाणी न शिरणारे बूट एवढं पुरे. टोटेमचे खांब बघितले, लाकडावर एकावर एक कोरलेले कावळे, अस्वलं. सॅक्समन गावातले खांब बघायला गाडी लागते, गावातलं पायी होतं.

जुनोला खरी गंमत. अलास्काची राजधानी आहे पण बाहेरून यायला रस्ताच नाही, बोटीनं नाहीतर विमानानं. आमची हेलिकॉप्टरनं ग्लेशियरवर उतरायची ट्रिप होती, सकाळी ढग खाली आले आणि कॅन्सल. पैसे परत मिळाले, पण हे होतंच असं समजून चाला आणि सगळा जीव त्या एका ट्रिपवर टांगू नका. दुपारच्या व्हेल बघायच्या बोटीआधी वेळ होता म्हणून बसनं मेंडेनहॉल ग्लेशियरला गेलो. तिथून नगेट धबधब्यापर्यंत सपाट वाट आहे, आमच्या वयाच्यांना सहज जमते. ग्लेशियर मात्र वर्षागणिक मागं सरकतोय, जुन्या फोटोत बघितलं ते तसं दिसेल असं धरू नका.

आता धक्क्याचं नीट वाचा, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. व्हेलची छोटी बोट ऑक बे मधून सुटते. तिथला धक्का तरंगता आहे, पाण्याबरोबर वर खाली होतो, आणि काठावरून त्याच्यावर जायला लोखंडी उतार असतो. या भागात भरती ओहोटीचा फरक वीस फुटांवर पण जातो. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी, आणि उतार असला खडा की मेहुणी कठडा धरून बाजूनं खेकड्यासारखी उतरली. मी सवयीनं खांबावरच्या ओल्या खुणा बघत होतो. आमच्याकडं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी ४० फुटांवर आलं की इशारा आणि ४५ ला धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं, पण त्याला दिवस लागतात, इथं सहा तासांत एवढं पाणी येतं आणि जातं. तीन तासांनी परत आलो तर तोच उतार निम्म्यानं आडवा झालेला, मेहुणी हात न धरता चालत वर गेली. तेव्हा गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक आधी बघा आणि जमेल तशी ट्रिपची वेळ निवडा. व्हेल दिसले, हंपबॅक. हिवाळ्यात हवाईकडं असतात आणि उन्हाळ्यात खायला इकडं येतात. शेपटी वर आली आणि सावकाश आत गेली, कॅमेरा काढेपर्यंत नुसतं पाणी.

स्कॅगवेला बाकी काही करू नका, रेल्वे करा. व्हाइट पास अँड युकॉन, तीन फुटी रूळ. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्याच्या नादानं माणसं इथून डोंगर चढून जात होती, कॅनडाचे पोलीस वर्षभराचं सामान असल्याशिवाय आत सोडत नव्हते, ते माणशी टनभर भरायचं, म्हणजे तीच चढण किती वेळा करायची बघा. मग १८९८ ला रूळ घालायला घेतले आणि १९०० ला पुरे केले, तोवर सोन्याचा जोर ओसरला होता. गाडी वीस मैलांत जवळपास तीन हजार फूट चढते. बायको चढताना म्हणाली, "ही तर आपली पंढरपूरची छोटी गाडी." खरंय, मिरज-पंढरपूरचा रूळ अडीच फुटी होता, हा त्याच्याहून अर्धा फूट रुंद, पण हलणं तेच आणि डब्याच्या टोकाला उभं राहून बघायची मजा पण तीच. जाताना डाव्या बाजूला बसा, दरी त्या बाजूला. माथ्यावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावतात, बाकांच्या पाठी उलट्या फिरवायच्या आणि समोरच्यांशी जागा बदलायची, त्यामुळं उजवीकडं बसलेलाही उपाशी राहत नाही. माथ्यापुढं कॅनडात जाणारी ट्रिप घेतली तर पासपोर्ट व्हिसा खिशात हवा.

या सगळ्या ट्रिपा बोटवाल्यांकडून घ्याव्यात की बाहेरून, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. बाहेर स्वस्त पडतात आणि माणसं कमी असतात. पण बोटवाल्यांच्या ट्रिपला उशीर झाला तर बोट थांबते, तुमच्या स्वतःच्या ट्रिपसाठी थांबत नाही. आम्ही लांबच्या ट्रिपा बोटवाल्यांकडून घेतल्या, गावातल्या स्वतः केल्या. घड्याळ बोटीच्या वेळेवर लावा, अलास्का व्हँकूवरच्या एक तास मागं आहे आणि फोन आपल्या मनानं कुठली पण वेळ दाखवतो.

ग्लेशियर बे ही नॅशनल पार्कातली खाडी, तिच्यासाठी बुकिंग करतानाच कार्यक्रमात ते नाव स्पष्ट आहे का बघा, कारण दिवसाला दोनच मोठ्या बोटी आत सोडतात, बाकीच्यांना दुसरीकडं नेतात. सकाळी एका छोट्या बोटीतून पार्कचे रेंजर शिडीनं वर चढले आणि दिवसभर माइकवर माहिती देत होते. १७९४ ला कॅप्टन व्हँकूवर या दर्यावर्दीची माणसं आली तेव्हा बर्फ खाडीच्या तोंडाजवळच होता, आत जायला वाटच नव्हती. १९१६ पर्यंत त्याचं टोक ६५ मैल आत गेलेलं. म्हणजे आम्ही ज्या पाण्यावर चहा पीत होतो तिथं तेव्हा बर्फाचा डोंगर होता. मार्जरी ग्लेशियरसमोर बोट तासभर थांबली आणि जागेवर सावकाश फिरली, त्यामुळं आपली खोली कुठल्या बाजूला याची काळजी नको. पाणी गढूळ, ताकासारखं, दगडाचं पीठ मिसळलेलं. कडा निळा, रंग लावल्यासारखा. बराच वेळ काहीच नाही, सगळे टोप्या ओढून उभे. मग एका कोपऱ्यातून मुरमासारखं थोडं सांडलं, आवाज नाही, आणि त्याच्या मागून घराएवढा तुकडा सुटला, पाण्यात गेला, पाणी उडालं आणि त्यानंतर कुठं आवाज पोचला, लांब सुरुंग उडाल्यासारखा. साडू एवढंच म्हणाला, "आयला." त्यानंतर जेवणापर्यंत गप्प होता, हे मी तीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

व्हिटियरला उतरायच्या आदल्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, रात्रीतून घेऊन जातात. दुसऱ्या दिवशीचे कपडे बाहेर काढून मग बॅग लावा. साडूनं शिस्तीत सगळं भरून बॅग बाहेर ठेवली आणि सकाळी अंगावर बनियन आणि रात्रीची विजार. त्याच्यावर जॅकेट घालून अमेरिकेच्या रेल्वेत बसला.

व्हिटियर गाव म्हणजे बहुतेक सगळी वस्ती एकाच उंच बिल्डिंगमधे. बाहेर पडायला अडीच मैलांचा एकेरी बोगदा, त्यातूनच रेल्वे आणि त्यातूनच गाड्या, पाळी पाळीनं. मोटारीनं जाणार असाल तर बोगद्याच्या वेळा बघून निघा. पुढं पोर्टेजजवळ मेलेल्या झाडांचे पांढरट बुंधे उभे दिसतात. १९६४ च्या भूकंपात, ९.२ चा, जमीन काही फूट खचली, खारं पाणी शिरलं आणि झाडं जागच्या जागी मेली. कोयनेच्या ६७ च्या भूकंपाच्या गोष्टी ऐकत वाढलेली आम्ही माणसं, चौघंही खिडकीला चिकटलो. तिथल्या खाडीचा गाळ वरून घट्ट वाटतो पण पाय रुततो आणि भरती येते, फोटोसाठी पण उतरू नका.

देनाली नॅशनल पार्कला अँकरेजहून रेल्वेनं साडेसात तास. पार्कात आपली गाडी १५ मैलांपर्यंतच, पुढं बस. ९२ मैलांचा रस्ता आहे पण ऑगस्ट २०२१ पासून दरडीमुळं ४३ मैलांपुढं बंद, आम्ही तिथूनच परत फिरलो. त्याच वर्षी जुलैत आपल्या आंबेनळी घाटाची काय गत झाली होती आठवा. नवीन पूल बांधतायत, जायच्या आधी पार्कच्या साइटवर परिस्थिती बघून घ्या. अस्वल दिसलं, लांबून, तपकिरी ठिपका, दुर्बिणीशिवाय गंमत नाही. ६,१९० मीटरचा देनाली डोंगर शंभरातल्या तीस जणांनाच दिसतो म्हणतात, आम्ही सत्तरातले. दोन रात्री राहूनही ढग हलले नाहीत. तीन ठेवा. मच्छर मोठे आहेत, मलम न्या.

रात्र होतच नाही. डोळ्यावर बांधायची पट्टी नेली नाही तर झोपेचं खोबरं. रात्री अकराला साडू हॉटेलबाहेर उजेडात उभा राहून म्हणाला, "आमची रात्रीची लाईट असते तेव्हा असा उजेड असता तर बागेला पाणी पाजायला बॅटरी लागली नसती." आणि याच उजेडामुळं नॉर्दर्न लाइट्स, ते रात्रीच्या आकाशातले रंगीत झोत, जूनमधे दिसत नाहीत, ते ऑगस्टच्या अखेरीपासून पुढं. सॅमन मासे आणि ते खाणारी अस्वलं बघायची तर जुलै-ऑगस्ट, पाऊस कमी हवा तर मे-जून. सगळं एका ट्रिपमधे मिळत नाही, द्राक्षवाल्यांना तर जूनच मिळतो.