सहाव्या महिन्यातली कणीक

माझ्या धाकट्या बहिणीला सांध्यांचा आमवात आहे, म्हणजे तिची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात ती पुन्हा स्वतः कणीक मळू लागली, तेव्हा आईने सगळे श्रेय शतावरी कल्पाला देऊन टाकले. वास्तविक बाळाची निम्मी जनुके वडिलांची, म्हणजे आईच्या शरीराला परकी. ती नाकारली जाऊ नयेत म्हणून या काळात नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, वाढतात आणि प्रतिकारशक्ती सरसकट दुबळी न होता आपला रोख बदलते. गरोदरपणात असे सांधे सुधारतात, हे अमेरिकेतील डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९३८ मध्येच नोंदवले होते. बाळंतपणानंतर मात्र हा लगाम सुटतो. तिसऱ्या महिन्यात तिला बाळाच्या लंगोटाची गाठही मारता येईना.