खोक्यातला मांडव

7 ऑक्टोबर 2025, मंगळवार. ठाण्यातला आमचा दुसरीचा वर्ग, 36 मुलं. आदल्या रात्री कोजागरी झालेली, त्यामुळे फळ्यावर गोल चंद्र काढला तेव्हा काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी यहुदी घरांत सुक्कोथ सुरू झाला होता. चाळीस वर्षं वाळवंटात फिरणाऱ्या पूर्वजांची आठवण म्हणून सात दिवस मांडवात जेवायचं, असा हा सण.

यहुदी पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 1 तारखेला नववर्षाचा रोश हशाना (कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांचा नव्याचा सण), 10 ला उपासाचा योम किप्पूर, 15 ला सुक्कोथ. 2025 मध्ये घटस्थापना, दसरा आणि कोजागरी नेमक्या त्याच दिवसांवर आल्या. इथे एक धोका असतो. मुलं लगेच म्हणतात, "म्हणजे त्यांचीही नवरात्र!" चंद्र तोच, सण वेगळे, हे तिथल्या तिथे सांगावं लागतं. अधिक महिना दोघांकडे वेगवेगळ्या वर्षी येतो, म्हणून 2026 मध्ये रोश हशाना 11 सप्टेंबरच्या संध्याकाळी आहे आणि घटस्थापना 11 ऑक्टोबरला.

वर्गात छोटे मांडव करायला चौघांत एक, अशी बुटांची नऊ खोकी. झाकण काढायचं, एक लांब बाजू कापून दार करायचं. तीन भिंती उरतात. समोरासमोरच्या आखूड भिंतींच्या काठाला तीन-तीन सेंटिमीटरवर खाचा द्यायच्या, नाहीतर खराट्याच्या काड्या घरंगळतात. काड्यांची टोकं मी आधीच मोडून ठेवते, डोळ्यांची भीती असते. वर नारळाच्या पाती. फेव्हिकॉल अजिबात द्यायचा नाही. ओल्या पानाला तो धरत नाही, आणि खऱ्या सुक्क्यातही, म्हणजे सणाच्या मांडवातही, छत नुसतं अंथरलेलं असतं.

छताचे नियम तीन: जमिनीत उगवलेलं असावं, तोडलेलं असावं, आणि उन्हापेक्षा सावली जास्त पडावी. तरीही फटींतून चांदण्या दिसाव्यात. तपासायला टॉर्च वरून धरायचा. एका गटाने पुठ्ठ्याचं झाकणच परत बसवलं होतं. आत मिट्ट काळोख. दुसऱ्यांनी खिडकीतल्या मनीप्लँटचा वेल कुंडीसकट आणून छतावर सोडला. दिसत सुरेख होता, पण मुळाशी जोडलेला, म्हणून चालत नाही. मी नुसतं "नाही" म्हटलं असतं तर मुलं हिरमुसली असती. म्हणून तीन नियम पुन्हा वाचायला लावले. कुठला मोडला ते त्यांनीच शोधलं.

सुक्कोथच्या प्रार्थनेत हातात धरायच्या चार वनस्पतींपैकी महाळुंग दाखवायचं ठरवलं होतं. बाजारात मिळालं नाही. लिंबू दाखवलं तर मुलांच्या डोक्यात लिंबूच बसतं, म्हणून कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातल्या महाळुंगाचा फोटो मोठा करून लावला: जाड, खडबडीत साल, आत पांढरा गर भरपूर, रस थोडा. त्याच्याबरोबर खजुराच्या झाडाची न उलगडलेली एक पात, मर्टल या सुवासिक झुडपाच्या तीन फांद्या, वाळुंजाच्या दोन. आशीर्वचनं मात्र वर्गात म्हणून घेत नाही. ती त्यांची प्रार्थना आहे, आपला खेळ नव्हे.

"पाऊस आला तर?" ऑक्टोबरात कोकणपट्टीत हा प्रश्न येणारच. ताटातलं अन्न खराब होईल इतका पाऊस असला की घरात जाऊन जेवायचं, मी सांगितलं.

शेवटी मनीप्लँटवाल्या गटातल्या मुलीने नवं छत अंथरलं, खोकं डोक्यावर उंच धरलं, दारातून आत डोकावून वर पाहिलं आणि ओरडली, "बाई, ट्यूबलाइट दिसतेय!"