२ जून, रात्री

बेसबॉलवाल्यांच्या पंचांगात आजची तारीख विचित्र आहे. १९२५ साली याच दिवशी न्यूयॉर्क यांकीज संघाने वॉली पिपला बाकावर बसवलं आणि त्याच्या जागी लू गेरिगला फर्स्ट बेसवर, म्हणजे फटका मारून धावणारा आधी गाठतो त्या थांब्यावर, उभं केलं. पिपचं डोकं दुखत होतं म्हणे. मला ही मागाहून रंगवलेली गोष्ट वाटते. संघ तेव्हा मार खात होता आणि त्या दिवशी आणखीही काहींना बसवलं होतं. गेरिग मात्र पुढे सलग २१३० सामने खेळला. १९३५च्या २ जूनला नामांकित फटकेबाज बेब रूथ ७१४ होम रन (आपल्याकडच्या षटकारासारखे फटके) गाठीला बांधून निवृत्त झाला. आणि १९४१ला याच तारखेला गेरिग गेला. अडतिसावा वाढदिवस सतरा दिवसांवर आला होता. ज्या आजाराने स्नायू एकेक करून निकामी केले, त्याला अमेरिकेत आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

पण जेवण झाल्यावर मी पुन्हा लावून बसलो ती चित्रफीत २०१०ची, याच तारखेच्या डेट्रॉइटमधल्या सामन्याची.

डेट्रॉइटचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आर्मांडो गलाराग्गा, व्हेनेझुएलाचा. समोर क्लीव्हलंड. सव्वीस बॅटर आले, सव्वीस परतले, एकही बेसवर पोचला नाही. सत्ताविसावाही गेला की परफेक्ट गेम, म्हणजे समोरचा एकही खेळाडू बेसवर न पोचता संपलेला सामना; तोवरच्या सगळ्या इतिहासात असे फक्त २० झाले होते. नवव्या डावात ऑस्टिन जॅक्सनने पाठमोरं धावत घेतलेला झेल तर मी दरवेळी दोनदा बघतो. मग जेसन डोनल्डने चेंडू जमिनीलगत मारला, डेट्रॉइटच्या कब्रेराने उचलून फेकला, गलाराग्गाने बेसवर पाय ठेवून तो घेतला. डोनल्ड चांगला पाऊलभर मागे. अंपायर जिम जॉइसने हात पसरले : सेफ, म्हणजे नाबाद!

गलाराग्गा नुसता हसला. वाद नाही, आदळआपट नाही. परत जाऊन पुढच्या बॅटरला बाद केलं, सामना ३-० जिंकला. असा निर्णय रिप्ले बघून फिरवायची सोय तेव्हा नव्हती. जॉइसने नंतर चित्रफीत पाहिली, चूक उघड कबूल केली, रडत त्याची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी होम प्लेटमागे, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेमागे, तोच अंपायर होता आणि संघाची यादी त्याच्या हातात द्यायला गलाराग्गा आला. जॉइस डोळे पुसत होता.

इथे मी दरवेळी थांबवतो. कॉलेजात आंतरवर्गीय सामन्यात मला अंपायर म्हणून उभं केलं होतं. बॅट पॅडला घासली, मला कड लागल्यासारखं वाटलं, बोट वर गेलं. तो निम्म्या वाटेत असतानाच मला कळलं होतं. परत बोलावता आलं असतं. मी पुढच्या चेंडूसाठी खिशातले खडे मोजत राहिलो.

त्या मुलाचं नाव आठवत नाही. ग्लोव्ह्ज काढत गेला, एवढंच आठवतं.