वडिलांची ३७५ रायफल माझ्या लायसनवर चढली त्याची गोष्ट

बाबा गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकच हत्यार होतं, आजोबांनी घेतलेली ०.३७५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, इंचात) बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला हाताने खिटी ओढून भरायची रायफल. ज्यांच्या घरात असं जुनं हत्यार आहे त्यांना आधीच सांगतो, लायसनधारक वारला की ते कपाटात तसंच ठेवून दिवस उरकायची वाट बघू नका. लायसन माणसाचं असतं, घराचं नसतं. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ सांगतं की अशा वेळी हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. आम्ही माहीमला राहतो. पोलीस ठाण्यात लेखी खबर दिली, प्रतीवर आवक शिक्का घेतला आणि रायफल फोर्टातल्या एका दुकानात ठेवली. काडतुसं मोजून दिली आणि पावतीवर दोन्हींची नोंद करून घेतली. दुकानदार ठेवणावळ घेतो, पण नळीला तेल लागत राहतं. मुंबईच्या पावसाळ्यात लोखंडाला हे लागतंच.

वारसाला लायसन मिळण्याची तरतूद शस्त्र नियम २०१६ मध्ये आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, मुंबईत परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त. मृत्यूचा दाखला, बाबांचं मूळ लायसन, आई आणि ताईची ना हरकत, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, जमा पावती. हे सगळं वेळखाऊ आहे, अवघड नाही. ताईने सही करताना एवढंच विचारलं, "तू शिकारीला जाणार नाहीस ना?" नाहीच जाणार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली हे फार चांगलं झालं असं मी मनापासून मानतो. पण आजोबांनी जपलेली, बाबांनी दर दिवाळीआधी पुसून ठेवलेली वस्तू भंगारात जावी हे मला पटत नव्हतं.

गाडी अडली ती बोअरच्या रकान्यावर. बाबांच्या लायसनवर जुन्या हस्ताक्षरात नुसतं '३७५ रायफल' असं होतं. ठाण्यात चौकशीचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते वाचून मान हलवली. "३०३ प्रोहिबिटेड आहे, मग ही तर त्याहून मोठी. ही एनपीबीत कशी बसेल? मोठ्या कॅलिबरची शिकारी रायफल आहे, वर विचारावं लागेल." एनपीबी म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर, साध्या लायसनवर चालणारं माप. प्रोहिबिटेड बोअर म्हटलं की प्रकरण दिल्लीला, केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातं. म्हणजे अर्जाचा सगळा रस्ताच बदलणार होता. त्यांचा तर्क ऐकायला सरळ होता, पण नियमात तसं लिहिलेलं नाही.

नियमांच्या पहिल्या अनुसूचीत बोल्ट ॲक्शन रायफलींबद्दल जे म्हटलं आहे ते मी शब्दाशब्दाने वाचलं. वरच्या, बंदीच्या वर्गात येतात त्या ०.३०३ किंवा ७.६२ मिमी बोअरच्या, किंवा ज्यांच्यात या दोन मापांची लष्करी काडतुसं बसून उडू शकतात अशा रायफली. आकाराची कमाल मर्यादा तिथे नाहीच. सरकारला एकच विचारायचं आहे, फौजेचा दारूगोळा या हत्यारात चालतो का? म्हणून ०.३०३ बंद, आणि तिच्याहून कितीतरी जोरकस ०.३७५ साध्या लायसनवर चालते. आपल्याकडच्या कारखान्यात बनणारी ०.३१५ सुद्धा ०.३०३ पेक्षा जाडच आहे आणि ती एनपीबीच आहे. हे उदाहरण ठाण्यात लगेच पटलं, कारण ०.३१५ सगळ्यांनी हाताळलेली असते.

तरी 'नेमकं काडतूस कोणतं ते लेखी आणा' असं सांगण्यात आलं, आणि ही मागणी रास्त होती. ०.३७५ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. याच जाडीच्या गोळीची निदान तीन वेगळी जुनी काडतुसं आहेत. एक १८९९ च्या सुमाराचं, अडीच इंची, बुडाला कडा असलेलं, बेताच्या ताकदीचं. दुसरं मानलिखर-शोनावर रायफलीचं, आखूड. तिसरं हॉलंड अँड हॉलंड या इंग्लिश बंदूक कंपनीने १९१२ मध्ये काढलेलं मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीचं. त्याची ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. नळीच्या तोंडाशी ऊर्जा ५,७०० ज्यूलच्या घरात. लष्करी ०.३०३ ची ती ३,१०० च्या आसपास असते आणि अडीच इंचीची जवळपास तेवढीच. जाडी एक, ताकदीत जवळजवळ दुपटीचा फरक. आफ्रिकेतल्या अनेक देशांत हत्ती, रानरेडा अशा जनावरांसाठी ०.३७५ हे किमान माप धरतात. मोठं कॅलिबर कुठून सुरू होतं असं कुणी विचारलं तर मी तीच रेघ दाखवतो, पण मॅग्नम काडतूस गृहीत धरून.

दुकानातल्या जुन्या कारागिरांना सगळे मिस्त्रीकाका म्हणतात. त्यांनी बोल्ट काढून घेतला, नळी रिकामी असल्याची बोट घालून खात्री केली, मग खिडकीच्या उजेडात रायफल उलटी धरून नळीच्या बुडाशी असलेले शिक्के भिंगातून वाचायला दिले. इंग्लंडच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुकांची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे ते शिक्के. काडतुसाचं नाव, कॉर्डाइट दारूचं वजन, आणि पुढे ३०० कमाल, म्हणजे ३०० ग्रेनहून जड गोळी नको. नंतर त्यांनी जमा केलेल्या काडतुसांतलं एक माझ्या तळहातावर ठेवलं. "नखाने बघा." बुडाच्या खाचेच्या जरा वर पितळेचा उंच पट्टा नखाला लागला. "हा पट्टा नुसता शोभेचा नाही. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी ते बसतं त्या जागेत, किती आत जाऊन थांबायचं ते हाच ठरवतो. याचा खांदा, म्हणजे तोंडाकडे निमुळता होणारा भाग, फार उतरता आहे, तो अडवायला पुरा पडत नाही." मग मऊ शिशाची गुटी तेल लावून नळीतून हळूहळू ढकलली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर आट्यांचे चर उमटले होते. मायक्रोमीटरने मापली, आणि दुकानाच्या लेटरहेडवर पूर्ण नाव लिहिलं: ०.३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम, पट्ट्याचं काडतूस, बोल्ट ॲक्शन, नळीचा नंबर अमुक. खाली सही-शिक्का आणि विक्रेता परवाना क्रमांक.

त्यांच्याकडूनच मला ४५० ची हकिकत कळली. नंतर मी ती पडताळली. १८९८ मध्ये रिग्बी या बंदूक कंपनीने काढलेलं ०.४५० नायट्रो एक्स्प्रेस हे त्या काळातलं हत्ती-वाघांच्या शिकारीचं नावाजलेलं काडतूस. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थानात ०.४५० बोअरच्या रायफली आणायला बंदी केली. कारण शिकार नव्हतंच. मार्टिनी-हेन्री ही फौजेची जुनी रायफल त्याच जाडीची होती. चोरीला गेलेल्या मार्टिन्या बंडखोरांकडे आहेत आणि शिकाऱ्यांच्या गोळ्या त्यांना पुरतील, ही धास्ती. बंदूक बनवणाऱ्यांनी मग ०.४६५, ०.४७०, ०.४७६ अशी मापं पुढे आणली, सगळी ४५० हून जाड. म्हणजे मोठ्या शिकारी रायफलींचे हे चमत्कारिक आकडे बऱ्याच अंशी आपल्या देशातल्या एका सरकारी हुकमातून जन्मले. ठाण्यात ज्या नियमावर माझी फाइल अडली होती त्याच्यामागेही तोच विचार आहे, जनावर केवढं पडतं यापेक्षा कुणाचं काडतूस कुणाच्या बंदुकीत बसतं. हे ध्यानात आल्यावर मला अनुसूचीची भाषा कोरडी वाटेनाशी झाली.

प्रमाणपत्र, अनुसूचीच्या पानाची झेरॉक्स आणि एका पानाचा अर्ज एकत्र जोडून ठाण्यात दिला. अर्जात जास्त काही लिहिलं नाही. हत्याराचं काडतूस अमुक, ते ०.३०३ किंवा ७.६२ लष्करी काडतूस नाही, ती लष्करी काडतुसं या चेंबरमध्ये बसत नाहीत, सबब एनपीबी. चौकशी करणाऱ्या साहेबांनी दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली आणि "असं स्पष्ट पाहिजे" म्हणाले. घरी येऊन लोखंडी पेटी, तिचं भिंतीला बोल्ट केलेलं असणं, काडतुसांचा वेगळा कुलूपबंद खण हे बघून गेले. शेजारच्या काकूंनाही दोन प्रश्न विचारले. अहवाल अनुकूल गेला. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आयुक्तालयात मुलाखत झाली. तिथे मुख्य प्रश्न होता, शिकार नाही तर रायफल हवी कशाला? मी खरं तेच सांगितलं, वारशाची वस्तू आहे. २०१९ च्या दुरुस्तीत वारसा म्हणून लायसन द्यायची सोय आहे, फक्त एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त हत्यारं होता कामा नयेत. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच.

लायसन पाच वर्षांचं मिळालं. हातात आल्यावर खिडकीपाशीच उभं राहून मी बोअरचा रकाना, नळीचा नंबर आणि काडतुसांची मर्यादा पावतीशी ताडून बघितली. या वेळी काडतुसाचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. तुमच्या घरच्या लायसनवर नुसता आकडा असेल तर धारक हयात असतानाच, नूतनीकरणाच्या वेळी, विक्रेत्याचं असं प्रमाणपत्र जोडून नोंद पूर्ण करून घ्या. जुन्या रायफलींची माहिती असलेले कारागीर आता मुंबईत फार उरलेले नाहीत.