बाई, ती नाटकात आहे कुठे?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की तिसऱ्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या वर्गातली बाकं भिंतीला लागायची. फरशीवर खडूने मोठा चौकोन आखायचा, ते आमचं स्टेज. गिरणीच्या चिमणीकडे उघडणारी खिडकी म्हणजे प्रेक्षक. वाक्य खिडकीकडे तोंड करून म्हणायचं, तिला पाठ दाखवायची नाही. तिथून पुढे गॅदरिंग होईपर्यंत पाचची घंटा झाली तरी माझी मुलं हलायची नाहीत. धाकट्या भावंडांबरोबर दप्तरं घरी जायची आणि थोड्या वेळाने तेच भावंड निरोप घेऊन परत यायचं, "दादा, आईने बोलावलंय, पाणी भरायचंय."

परळच्या त्या मराठी शाळेत मी मराठी शिकवत होते आणि गॅदरिंगचं नाटक, नाच, समूहगीत हे सगळं जवळजवळ तीस वर्षं माझ्याकडे होतं. त्या दिवसांची आठवण निघाली की मला स्टेजवरची मुलं नंतर दिसतात. आधी दिसतात त्यांचे आईवडील. तालमीच्या वर्गाबाहेर जिन्यात उभे असलेले, आत यायला बिचकणारे.

१९८२च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मी शाळेत लागले तेव्हा त्याला चार वर्षं होऊन गेली होती, पण घराघरांत तो चालूच होता. कुणाचे वडील वॉचमन झाले होते, कुणी भाजीची गाडी लावली होती, आया पोळ्या लाटायला जात होत्या. आणि हेच वडील नाटकातले दर्दी होते! परळचं दामोदर नाट्यगृह १९२२चं, कामगारांच्या नाटकांनी गाजलेलं. कुणी तिथे काम केलेलं, कुणी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत, कुणी शिमग्याला कोकणात गावी जाऊन नमनाच्या खेळात सोंग घेतलेलं. एक वडील मुलाची तक्रार करायला आले आणि दारात उभ्या उभ्या आमची तालीम बघून म्हणाले, "बाई, राजा असा चालत येत नाय. त्याला आधी थांबवा, मग चालू द्या." मी तसं करून बघितलं. राजा खरंच राजा दिसायला लागला.

अशा लोकांना नाटक म्हणजे काय ते मी काय सांगणार! त्यांना माहीत नव्हतं ते वेगळंच. तालीम किती वाजता सुटणार, अभ्यासाचं काय, आणि पैसे किती लागणार. हे कुणी विचारत नसे, आणि विचारत नाहीत म्हणजे त्यांना सगळं ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. पहिल्याच वर्षी गॅदरिंगला आठ दिवस असताना शेतकरी नृत्यातला माझा चांगला मुलगा यायचा बंद झाला. मी त्याला भर वर्गात उभं करून बोलले. जबाबदारी, शिस्त, सगळं ऐकवलं. तो मान खाली घालून उभा राहिला, एक शब्द बोलला नाही. त्याची आई नंतर जिन्यात भेटली. धोतर, बंडी, फेट्याचं भाडं भरायला घरात पैसे नव्हते, आणि तसं बाईंना सांगायचं नाही असं वडिलांनी बजावलं होतं. ते बोलणं मला अजून लागतं.

पुढच्या वर्षापासून तालमी सुरू होण्याआधीच्या शनिवारी मी पालकांना बोलवायला लागले. प्रगतिपुस्तकासाठी नाही, फक्त गॅदरिंगसाठी. हातात एक सायक्लोस्टाइल केलेलं पत्रक द्यायचं. तालीम मंगळवारी आणि शुक्रवारी, पाच ते साडेसहा. शेवटचा आठवडा रोज. दहावीची मुलं फक्त सूत्रसंचालनाला, कारण पुढे त्यांची पूर्वपरीक्षा. चाचणीच्या आठवड्यात तालीम बंद. कपडे शक्यतो घरातलेच: आईचं लुगडं, आजोबांचं धोतर, मामाचा कोट. भाड्याने आणावं लागलं तर खर्च शाळेचा. हे शेवटचं वाक्य मुख्याध्यापकांकडून मंजूर करून घ्यायला मला दोन खेपा घालाव्या लागल्या. पण ते वाक्य छापलं गेलं त्या वर्षी एकही मूल मध्येच गळलं नाही.

या सभेत नुसतं बोलून भागत नाही हे लवकरच कळलं. आया म्हणायच्या, "घरात तर एवढं बोलते, मग स्टेजवर बोलायला महिनाभर तालीम कशाला?" तेव्हा मी त्यांनाच खडूच्या चौकोनात उभं करायला लागले. अर्धे पालक शेवटच्या बाकांवर, एकजण चौकोनात. म्हणायचं एवढंच, "अगं, दार उघड, मी आलोय." पाचव्या बाकाच्या पुढे आवाज जात नसे. मोठ्याने म्हणा म्हटलं की शब्द फाटायचे. मग सगळे हसायचे आणि हसता हसता गप्प व्हायचे, कारण आपलं मूल रोज तिथे काय करतं ते कळलेलं असायचं.

एका वर्षी चौकोनात आली ती बाजारात मासळी विकणारी एक आई. पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, दार उघड!" खालच्या फाटकावरचा वॉचमन वर बघायला लागला. मी विचारलं, कसं जमलं? तर म्हणाली, "बाई, गळ्यातनं वरडलं तर दुपारपत्तुर आवाज बसतो. पोटातनं वरडायचं. आन् समोरच्या गिऱ्हाइकाला नाय, त्याच्या पाठच्याला हाक मारायची." आवाज फेकणं म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं मुलांना शिकवत होते. तिच्याइतकं सोपं करून मला ते कधी सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या तालमीत हेच वाक्य चाललं: समोरच्याला नाही, त्याच्या पाठच्याला.

आवाजाचं आणखी एक प्रकरण दरवर्षी यायचं. सातवीपर्यंत गोड गाणारा मुलगा आठवी-नववीत एकाएकी चिरकायला लागायचा. एक आई तर डोळ्यांत पाणी घेऊन आली होती. मुलाला आंतरशालेय स्पर्धेत बक्षीस मिळालेलं, आणि आता तोंड उघडलं की दोन आवाज निघतात. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं गाण्याच्या तालमीने घसा गेला. काढे झाले, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. आमच्या संगीताच्या सरांनी तिला समोर बसवून पेटीवर दाखवलं. मुलींचं समूहगीत काळी चार या उंच पट्टीत चाललंय, हा मुलगाही गेल्या वर्षापर्यंत तिथेच गात होता. या वयात मुलांचे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज खाली उतरतो. आता त्याची जागा खालच्या पट्टीत, काळी एकच्या आसपास कुठेतरी असेल. स्थिरावायला काही महिने लागतील, कधी वर्षही. तोवर गाऊ दे, पण वरच्या सुरांत ओढू नका, आणि घरात त्याच्या आवाजाला हसू नका. त्या वर्षी सरांनी त्याच्या हातात ढोलकी दिली. गाण्याची ओढ तुटली नाही. पुढच्या वर्षी तो कोळीगीताला मागून साथ द्यायला उभा राहिला, अगदी भरदार खालच्या आवाजात.

शाळेतलं नाटक म्हणजे पोरखेळ, असं मानणारे पालकही भेटत. त्यांना मी दादरच्या छबिलदास शाळेचं सांगायची. अभिनेत्री सुलभा देशपांडे त्या शाळेत शिक्षिका होत्या, आणि त्यांच्या 'आविष्कार' संस्थेने १९७४ पासून त्याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं केली. आपल्या पाल्याच्या वर्गासारख्या वर्गाच्या वर मराठी नाटक वाढलं, हे ऐकलं की माणसं जरा सावरून बसायची.

मग गिरण्या गेल्या. लोअर परळला मॉल आला, चाळींचे टॉवर झाले, शाळेच्या तुकड्या कमी झाल्या. नाट्यगृहाचं भाडं परवडेना म्हणून गॅदरिंग शाळेच्या सभागृहात व्हायला लागलं. पालकही बदलले. आता पैशांची अडचण कमी होती, पण आईवडील दोघंही नोकरीवर, आणि दोघांनीही कधी फेटा बांधलेला नाही की ढोलकी ऐकत रात्र जागवलेली नाही. सभेतले प्रश्न बदलले. माझी मुलगी मागच्या रांगेत का? स्टेजवर ती किती मिनिटं असते? याचे गुण मिळतात का?

गुणांचं मी सरळ सांगायची. दहावीला कलांसाठी वाढीव गुण आहेत, पण ते गॅदरिंगमध्ये नाचून मिळत नाहीत. गायन, वादन, नृत्य असेल तर गांधर्व महाविद्यालयासारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतात, प्रारंभिक, प्रवेशिका अशा एकेक करत. त्यासाठी पाचवीपासून क्लास हवा. दहावीच्या जूनमध्ये विचारून उपयोग नाही. एवढं स्पष्ट सांगितलं की बरेच पालक निवांत होत. आणि रांगेचं म्हणाल तर लेझीम बघताना डोळा पुढच्या रांगेवर असतो, पण चुकली तर मागची रांग आधी दिसते, कारण ती सगळ्या चौकटीला धरून उभी असते. मागे उंच मुली असतात असं नाही, मागे पक्क्या मुली असतात. हे मी मनापासून सांगायची, कारण खरंच मी तशाच निवडत असे.

निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. तालमी सुरू झाल्यावरच्या एका पालकसभेला नववीतल्या एका मुलीचे वडील आले. लिफ्ट दुरुस्तीच्या कामातले, गणवेशावरच आलेले. सभा संपली तरी बसून राहिले. मग म्हणाले, "बाई, तालमीच्या दिवशी साडेसहानंतर घरी येते. नाटकात आहे म्हणते. मी विचारलं काम काय, तर म्हणते पडदा ओढते. मग ती नाटकात आहे कुठे?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. लेकीला कमी लेखलं गेलंय का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, रंगीत तालमीला या, पण समोर बसू नका. विंगेत तिच्याजवळ उभे राहा.

ते आले. आमच्या सभागृहाचा पडदा जुना, लाल मखमलीचा, डाव्या विंगेतून दोरीने ओढायचा. मुलगी दोरीपाशी उभी. दोन्ही तळव्यांना रुमाल गुंडाळलेले. हातात संहिता नाही, कारण तिला ती लागतच नव्हती. ओठ हलत होते. स्टेजवरचा मुलगा जे बोलणार ते ती त्याच्या अर्धा श्वास आधी बोलत होती, आवाज न करता. दुसऱ्या प्रवेशात आजीचं काम करणारी मुलगी अडकली तेव्हा विंगेतून शब्द आला तो पडदावालीचा. प्रॉम्प्टर अजून पान शोधत होता. शेवटच्या वाक्यानंतर ती लगेच ओढत नव्हती. मनात तीन मोजत होती. आजी खुर्चीत बसते, दिवा मंद होतो, आणि मग पडदा. एकदम ओढला तर टाळी चुकते, उशीर केला तर मुलं ओशाळवाणी उभी राहतात. हे तीन आकडे तिचे तिने ठरवले होते. मी सांगितले नव्हते.

तिसऱ्या अंकाला पडदा मध्यावर येऊन अडला. तिने पाय भिंतीला लावून अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा कुठे तो कुरकुरत पुढे गेला. वडील एवढा वेळ हाताची घडी घालून उभे होते. आता त्यांनी मान वर केली. लेकीकडे नाही, दोरीकडे. दोरी वर जिथे वळते तिथे टक लावून बघत राहिले. मग तिच्या हातातला रुमाल सोडून तळवा उलटा करून बघितला. लाल वळ होता. काही न बोलता रुमाल पुन्हा नीट बांधून दिला.

जाताना मला म्हणाले, "वरची कप्पी कोरडी आहे बाई. आणि दोरी तिच्या खोबणीतून एका बाजूला उतरलीय. पोरगी एवढे दिवस तिच्याशी झगडतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधी मी सभागृहाचं दार उघडायला गेले तेव्हा ते शिपाईदादांबरोबर शिडी लावून वर चढलेले होते. खिशात ग्रीसचा डबा, दातांत फडकं. खाली मुलगी शिडी धरून उभी होती आणि वडिलांना सांगत होती, "बाबा, डावीकडचीपण बघा. पहिल्या अंकाला तीपण आवाज करते, आजीचं हळू बोलायचं वाक्य त्याच्यात जातं."

"कुठलं वाक्य?" त्यांनी वरूनच विचारलं.

तिने ते म्हणून दाखवलं.