निळं टोक, हिरवं टोक आणि हरवलेले ७ डीबी

गेल्या पावसाळ्यात वीज कडाडली आणि काकांच्या घरापर्यंत टाकलेल्या तांब्याच्या केबलवरून दोन्हीकडच्या स्विचचे (नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या डब्यांचे) पोर्ट गेले. काचेतून वीज वाहत नाही, म्हणून या खेपेला फायबर, म्हणजे काचेचा धागा. सहकारनगरातली शेजारशेजारची दोन घरं, वळणं धरून ८० मीटर.

केबल तापकीर गल्लीतून आणली (गाडी लावायला गेलेला वेळ इथे धरलेला नाही). ड्रॉप केबलमध्ये (घरापर्यंत ओढायच्या बारीक फायबर केबलमध्ये) ताण पेलायला बऱ्याचदा स्टीलची तार असते. ती घेतली तर विजेचं दुखणं पुन्हा दारात, म्हणून एफआरपीची (तंतू घातलेल्या प्लास्टिकची) काडी असलेली मागून घेतली. आत सिंगल मोडचा (उजेडाला एकच वाट देणारा) एकच धागा: मधला कोअर सुमारे ९ मायक्रॉन, त्याभोवती क्लॅडिंग, म्हणजे काचेचं आवरण, धरून १२५. एकाच धाग्यावर जा-ये हवी म्हणून बायडी, म्हणजे दोन्ही दिशांच्या, एसएफपीची जोडी घेतली (एसएफपी म्हणजे स्विचमध्ये खोचायचं, उजेड पाठवणारं-ऐकणारं मॉड्यूल). एक १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या उजेडावर बोलतो आणि १५५० वर ऐकतो, दुसरा नेमका उलटा. दोन्ही सारखेच आणलेत तर स्विचवरचा जोडणीचा दिवा लागणार नाही.

आमचा दिवा पहिल्याच झटक्यात लागला. पिंगही (जोडणीची चाचणी) स्वच्छ. तीन आठवडे मी खुशीत.

मग मित्राकडून पॉवर मीटर आणला. तो उजेडाची ताकद डीबीएममध्ये सांगतो; उणे आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी. एसएफपीच्या तोंडाशी उणे ६ डीबीएम, काकांकडे उणे १३. सात डीबी गेले, म्हणजे पाच भागांतला एकच भाग उजेड पोचतोय! आधी मीटरवरच संशय घेतला, मग जांभळीच्या झाडाशी केबल वळते त्या वळणावर. पण ही काच १३१० वर किलोमीटरला ०.३५ डीबीच्या आसपास खाते. ८० मीटरचा हिशेब ०.०३. आणि जी ६५७ ए २ जातीचा धागा साडेसात मिलिमीटर त्रिज्येचं वळणही सोसतो. घरगुती अंतरात काचेला दोष देऊच नये, चोर टोकांशीच असतो.

तसाच निघाला. ड्रॉप केबलची दोन्ही टोकं हिरवी, एपीसी, म्हणजे ८ अंशांत तिरकी घासलेली. माझे पॅच कॉर्ड (केबल आणि एसएफपी जोडणाऱ्या छोट्या तारा) निळे, यूपीसी, म्हणजे सरळ घासलेले. एससी (चौकोनी तोंडाच्या) कपलरमध्ये, म्हणजे दोन टोकं जोडणाऱ्या खोबणीत, दोन्ही गुमान बसतात, 'टक्' आवाजसुद्धा तोच. पण तिरकं तोंड सरळ तोंडाला टेकत नाही, मध्ये हवेची फट राहते. अशी फट दोन्हीकडे. मॉड्यूलला उणे २० पर्यंत ऐकू येतं, म्हणून लिंक चालत राहिली आणि मला पत्ताच लागला नाही.

उपाय साधा: एका टोकाला हिरवा एससी, दुसऱ्या टोकाला निळा एलसी (एसएफपीत बसणारा छोटा) असे दोन पॅच कॉर्ड. फेरूल (टोकातली धागा धरणारी नळी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले, कपलर बदलले. आता काकांकडे उणे ६.८.

काकांना आकडा दाखवला. ते म्हणाले, "मॅच तर आधीही दिसत होती की रे."