माघातला मेळावा

पुण्यात हौसेने मधमाश्या पाळणाऱ्यांचं आमचं एक छोटं मंडळ आहे. नोंदणी नाही, कार्यालय नाही, वर्गणी काय ती मेळाव्याच्या जेवणापुरती. पण माघातला एक रविवार ठरलेला असतो. त्या दिवशी मुळशीकडच्या एका सभासदाच्या शेतावर सगळे जमतात, आणि वर्षभर ज्यांच्याशी फक्त फोनवर ‘राणी दिसली का’ एवढंच बोलणं झालेलं असतं, ती माणसं एकदाची समोर भेटतात.

दरवर्षी कुणीतरी नवीन सभासद सुचवतो, की मेळावा २० मेला, जागतिक मधमाशी दिनाला घ्यावा. सूचना चांगल्या मनाने केलेली असते. पण तो दिवस आहे स्लोव्हेनियाच्या आंतोन यान्शाच्या जन्माचा. अठराव्या शतकात व्हिएन्नात मधमाशीपालन शिकवणारा हा माणूस. त्याच्याकडे मेमध्ये वसंत असतो. आपल्याकडे तेव्हा पेट्यांवर ओलं पोतं टाकून माश्यांना उन्हातून निभावून न्यायचे दिवस! माघात मात्र शेवगा फुललेला असतो, बियाण्याच्या कांद्यांना गोंडे आलेले असतात, पेट्या माश्यांनी भरून वाहतात आणि पिल्लांच्या पोळ्याच्या खालच्या कडेला नवी राणी वाढते ती राणीघरं लोंबू लागतात. वसाहतीची वाटणी करायची, म्हणजे एकीच्या दोन करायच्या, त्या याच दिवसांत. नव्या माणसाला माशी दाखवायची, तर तीही तेव्हाच.

नाश्त्याला पोहे असतात, कधी उपमा. केळी मात्र कधीच नसतात. माशी डंख मारते तेव्हा धोक्याचा जो गंध सोडते, तो पिकल्या केळ्यासारखा असतो, आणि त्या वासाने बाकीच्या बिथरतात. नवीन मुलांना हे ऐकून गंमत वाटते. मग ती आपापल्या हातांचा वास घेऊन बघतात. अत्तर, गडद कपडे, लोकरीचा स्वेटर यांनाही मनाई. डंख लागलाच तर चिमटीत धरून उपटायचा नाही, नखाने खरवडून काढायचा. ज्यांना डंखाने अंगभर गांधी उठतात किंवा धाप लागते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, हे काका अगदी निक्षून सांगतात.

काका म्हणजे आमच्यातले सर्वांत जुने. पेटी उघडतात तेच. धूरदाणीत गोवरीचा तुकडा आणि नारळाची शेंडी. धूर थंड हवा, म्हणून आधी स्वतःच्या मनगटावर सोडून बघतात. मग पेटीच्या बाजूला उभं राहायचं, दारासमोर नाही, कारण तो माश्यांचा येण्याजाण्याचा रस्ता. झाकण सरकलं की आतून एकदम ‘सऽऽस’ असा आवाज उठून विरतो. सातेरी, म्हणजे आम्ही पेटीत पाळतो ती देशी माशी, तिची ही खूण, आणि तो आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा चेहरा बघायला मला आजही फार आवडतं. चौकट, म्हणजे जिच्यात माश्या पोळं बांधतात ती लाकडी चौकट, उचलायची ती पेटीच्या वरच धरायची, राणी पडली तर पेटीतच पडावी म्हणून. ऊन पाठीमागून खांद्यावरून येऊ द्यायचं. तेव्हा कुठे पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी उभं केलेलं सुताच्या बारीक तुकड्यासारखं अंडं दिसतं. नरांच्या घरांचं झाकण टोकदार आणि त्याच्या मधोमध सुईने पाडावं तसं भोक. हे छायाचित्रात शंभरदा बघितलं, तरी चौकट हातात आल्यावरच पटतं.

‘काका, आग्या माशी पेटीत ठेवता येईल का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. काका न कंटाळता सांगतात की ती उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, अंधाऱ्या खोलीत राहत नाही. इमारतीला पोळं दिसलं की लगेच औषध मारायला निघणाऱ्यांची मात्र ते कानउघाडणी करतात, आणि माझ्या मते ते हवंच.

पेट्या करणारे आमचे सुतारमामा फार कमी बोलतात. पण दोन चौकटींमधली साधारण ८ मिलिमीटरची वाट ते पट्टी लावून दाखवतात. अमेरिकेत लँगस्ट्रॉथने १८५१ साली या वाटेचं महत्त्व ओळखलं, आणि हलत्या, म्हणजे उचलून काढता येणाऱ्या चौकटींची पेटी त्यावरच उभी राहिली. फट जास्त झाली की माश्या तिथेही पोळं बांधतात आणि चौकट उचलताना सगळं फाटतं.

दुपारी पिठलं-भाकरी, ताक, आणि मग मधाच्या बाटल्या निघतात. महाबळेश्वरकडचा काळपट, किंचित तुरट जांभळाचा. हिरड्याचा. कुणाच्या भाग्यात असेल तर सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा. एखादी बाटली तळापासून थिजलेली असते आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी हळूच विचारतंच, ‘साखर घातलीय का?’ मधातलं ग्लुकोज थंडीत दाणेदार होतं, तो मध बिघडलेला नसतो. आगपेटीची काडी पेटवून आणि पाण्यात थेंब टाकून शुद्धता ठरवणाऱ्यांना तिथे कुणी दाद देत नाही.

संध्याकाळी वसाहती द्यायच्या. आमच्यात नव्या माणसाला पहिल्याच मेळाव्यात पेटी मिळत नाही. त्याने एक पावसाळा कुणातरी जुन्याच्या मागे हिंडायचं. साखरपाक कसा द्यायचा, पोळं पोखरणारा मेणकिडा कसा ओळखायचा, स्टँडच्या पायाखालच्या वाट्यांत मुंग्या अडवायला पाणी कसं ठेवायचं, विजेच्या मीटरच्या पेटीतून काढलेलं पोळं केळीच्या सोपाने चौकटीला कसं बांधायचं, हे सगळं हाताखाली राहूनच येतं. गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संस्थेतला अभ्यासवर्ग करून आलेल्यांनाही ही अट चुकत नाही. काहींना ती जाचक वाटते. मला वाटत नाही. पेटी दुकानात मिळते, ऑगस्टच्या झडीत धावून येणारा माणूस मिळत नाही.

अंधार पडून सगळ्या माश्या परतल्या की दाराला जाळी लावतात आणि पेटी गाडीत जाते. बदल्यात पैसे नाहीत. पुढच्या माघात एक वाटणी मंडळाला परत द्यायची, एवढंच. गेल्या वर्षी वसाहत नेलेल्या वहिनींनी यंदा दोन आणल्या: एक मंडळाची, दुसरी त्या शिकवतात त्या शाळेसाठी. शाळेत पेटी कुठे ठेवायची यावर जेवणं झाली तरी वाद चालूच होता. काकांना बागेचा कोपरा हवाय, सुतारमामांना गच्ची. मी गच्चीच्या बाजूने आहे; मुलांच्या खेळण्याच्या वाटेपासून दूर, पेटीचं तोंड पूर्वेला आणि दुपारची सावली टाकीची.